बांधावरचे भुंगे

गिरजाबाईच्या बांधावरचं गवत हा वाडीत थट्टेचा विषय होता. बाकीच्यांचे बांध जूनमध्येच फावड्याने तासून गुळगुळीत झालेले असायचे. हिच्या बांधावर आश्विनात गवत मांडीला लागायचं, त्यात तेरडा, कुर्डू, गेल्या सालचा पेंढा, कुजलेला पाला, काय वाटेल ते. "वयनी, बांधावर वाघ पाळलाव काय?" असं हैबतराव जाता-येता विचारायचा आणि बरोबरची माणसं दर वेळी नव्याने हसायची. गिरजाबाईही हसायची. बांध तासायला पाठीत जोर लागतो आणि तो जोर तिच्या घरात काळुरामच्या अंगात होता. काळुराम, तिचा नवरा, पाच वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. तेव्हापासून तिने भात लावलं, बेणलं, कापलं, पण बांधापर्यंत तिचा हात काही पोचला नाही.

वाडी कोलाडच्या रस्त्यापासून मैलभर आत. घरं बारा, आणि बारा घरांची मिळून एक सावड. आज हैबतरावाच्या खाचरात बारा विळे, उद्या शेजारच्या मालूच्या, परवा गिरजाबाईच्या. घरचं एक माणूस सावडीला द्यायचं आणि आपल्या शेतावर बारा माणसं घ्यायची, असा जुना रिवाज. हैबतराव या सावडीचा पुढारी होता. कोणी त्याला नेमला नव्हता, पण आवाज सगळ्यात मोठा त्याचाच होता. एकट्या बाईची शेती पाच वर्षं चालली ती या सावडीच्या आधारावर.

मुलगा होता. जनू धाटावला एका कंपनीत शिफ्टला होता. बायको शांती आणि दोन पोरं घेऊन तिथंच खोलीत राहायचा. सुट्टी ज्या वारी पडेल त्या वारी तो सायकल मारत यायचा, ओटीवर टेकायचा आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत म्हणायचा, "आये, चल आता."

"कुठं?"

"कुठं काय! धाटावला. खिडकीपाशी खाट मांडून ठेवलीय तुझी. शांतीनं गोधडी पन घातलीय."

"आनि भात?"

"भात घाल चुलीवर."

"चुलीवर घालायलाच लावलंय ते," गिरजाबाई म्हणायची आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठायची. हे बोलणं पाच वर्षं दर आठवड्याला होत होतं आणि त्यात दोघांपैकी कोणी एक शब्द बदलला नव्हता.

ती एकदा गेली होती तिकडे, चार दिवस. कोणी वाईट वागलं नाही तिच्याशी. शांतीने तर ताटसुद्धा उचलू दिलं नाही. पण खाटेवर बसून समोरची कंपनीची भिंत बघायची आणि हात मांडीवर ठेवायचे की बाजूला, एवढाच विचार करायचा. पाचव्या दिवशी ती परत आली तेव्हा अंगणात पाऊल टाकल्याबरोबर तिने आधी झाडू उचलला. पुन्हा जायचं नाही हे तिने तिथंच ठरवलं होतं.

त्या साली श्रावण कोरडा गेला आणि भाद्रपदाच्या शेवटी पावसाने सगळी कसर काढली. भात निसवलं, लोंब्या वाकायला लागल्या, आणि एके सकाळी मालू धापा टाकत गिरजाबाईच्या दारात आली.

"गिरजे, चल गो चल. आमच्या शेतात बघ काय झालंय."

मालूच्या खाचरात भाताखालच्या चिखलावर दाणे सांडले होते. अर्ध्या अर्ध्या लोंब्या कुरतडून खाली पडल्या होत्या. मालूने भाताच्या एका चुडाच्या बुडाशी बोट घातलं तर तिथं आठ-दहा अळ्या गोळा होऊन पडलेल्या, भुरकट, पाठीवर पट्टे, करंगळीएवढ्या जाड. दिवसा बुडाशी झोपायचं आणि दिवस कलला की वर चढून लोंब्या तोडायच्या, असा त्यांचा शिरस्ता. एक खाचर उरकलं की फौज दुसऱ्यात.

"लष्करी अळी," मालू म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

गिरजाबाई तशीच धावत आपल्या खाचराकडे गेली. अळी तिथंही होती. तिने पदर खोचला, वाकली आणि हाताने अळ्या वेचून मडक्यात टाकायला लागली. दुपारपर्यंत एक मडकं भरलं आणि खाचराचा एक कोपरासुद्धा झाला नव्हता. पाठ धरली तेव्हा ती बांधावर गवतात बसली.

दुसऱ्या दिवशी जनू आला. त्याने शेत पाहिलं, ओटीवर टेकला, आणि या वेळी त्याने शब्द बदलले.

"आये, एकदा काय ते ठरव. या खेपेला भात घरात आलं नाय, तर तू यायचं. माझ्याबरोबर. कबूल?"

"आनि आलं तर?"

"आलं तर मी चकार शब्द काढनार नाय."

"कबूल," गिरजाबाई म्हणाली. बोलून गेल्यावर तिला ते मागे घ्यावंसं वाटलं. पण शब्द गेला होता.

त्या संध्याकाळी ती पुन्हा मडकं घेऊन गेली. ऊन डोंगराच्या टोकाला होतं, अळ्या चुडावर चढायला लागल्या होत्या, आणि बांधाच्या गवतातून काहीतरी सळसळत खाली उतरलं. भुंगा होता. काळाकुळकुळीत, अंगठ्याच्या पेराएवढा, पाठीवर उन्हात हिरवट झाक, पाय लांब. तो चुडावर धावत चढला, अळी मानेला धरली आणि ओढत खाली आणली. अळी वळवळली, त्याने सोडली नाही. पाचेक मिनिटांत अळीचं नुसतं कातडं उरलं. तोवर दुसरा उतरला होता, मग तिसरा. हे भुंगे तिने पूर्वीही बांधावर पाहिले होते, पण ते काय खातात, कशाला राहतात, याची चौकशी माणूस कशाला करेल? ती मडकं खाली ठेवून अंधार पडेपर्यंत बघत बसली. घरी आली तेव्हा तिला एकदम कळलं की कोणाशी तरी बोलावंसं वाटतंय आणि घरात बोलायला कोणी नाही.

मग ती रोजच संध्याकाळी जायला लागली. जमिनीवर धावणारे काळे, चपटे किडेही तिला दिसले. अंगावर चकचकीत पट्ट्या, तोंडाशी आकडे. ती भुंग्यांची पिलं असावीत असं तिने ठरवलं, कारण तीही अळीवर तशीच तुटून पडत होती. "या, या," ती त्यांना म्हणायची. "जेवून घ्या. भरपूर हाय." एकदा तिने एकाला उचलून बघितलं तर त्याने असला उग्र वास सोडला की बोटं राखेने घासावी लागली. त्यानंतर तिने लांबूनच ओळख ठेवली.

इकडे हैबतराव पेणला, रोह्याला खेपा घालून अळीवरच्या पावडरीच्या गोण्या घेऊन आला. त्याने देवळापुढे बारा घरं बोलावली.

"बुधवारी सगळं शिवार एकदम धुरळायचं," तो म्हणाला. "एक खाचर जरी सुटलं तरी अळी तिथं लपेल नि परत येईल."

सगळ्यांनी माना हलवल्या. गिरजाबाई बायकांच्या मागे बसली होती. ती उभी राहिली.

"भावजी, माझ्यात नको पावडर."

"का गो?"

"माझ्यात भुंगे हायत. ते अळी खातात. पावडर मारली तर ते मरतील."

कोणीतरी हसलं. हैबतराव हसला नाही. तो म्हणाला, "चला, बघू तुझे भुंगे."

सगळी वरात तिच्या बांधावर गेली. भर दुपार होती, एकही भुंगा बाहेर नव्हता. हैबतरावाने फावडं घेतलं आणि बांधात एक घाव घालून ढेकूळ उलटं केलं. खालून तीन-चार काळी पिलं सैरावैरा पळाली.

"ही बघा!" हैबतराव ओरडला. "ही अळ्यांची पिलं! हितं जल्मतात नि तुमच्या-आमच्या शेतात जातात. म्हनूनच मी बोंबलतोय, बांध तासा, बांध तासा!"

"ती भुंग्यांची पिलं हायत, भावजी."

"आनि भुंगे कुनाची पिलं? अळी मोठी झाली की तिचाच व्हतो ना भुंगा?"

गिरजाबाईला ते ठाऊक नव्हतं. तिने फक्त डोळ्यांनी पाहिलं होतं. ढेकळाखाली एक मोठा भुंगा होता, तो हैबतरावाने दोन बोटांत पकडून सगळ्यांना दाखवायला वर धरला. भुंग्याने आपलं काम केलं. हैबतरावाच्या हातावर, मनगटावर, थोडं मिशीवरही ते उडालं. त्याने हात झटकला, थुंकला, धोतराला पुसला, तसा वास धोतरालाही लागला. आधी मालू हसली. मग बारा घरं हसली. पुढचे दोन दिवस त्याच्या बायकोने त्याला ओटीवर जेवायला वाढलं असं म्हणतात.

तिथंच बिनसलं. गिरजाबाई हसली नव्हती, पण ते त्याला कुठे दिसलं!

"ऐक," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "पावडर नको तर नको. पन मंग सावड पन नको."

रागात बोललेलं होतं, पण बारा घरांपुढे बोललेलं होतं. तो मागे घेणार नाही हे त्यालाही कळलं आणि तिलाही. ती "बरं" म्हणाली. माणसं गेल्यावर तिने ते ढेकूळ उचलून होतं तसं बसवलं आणि वरून हाताने थापटलं.

आपण "बरं" का म्हणालो, याचा तिने पुढे पुष्कळदा विचार केला. शेत वाचवायचं म्हणून, हे तर झालंच. पण पाच वर्षांत तिच्या बाजूने कोणी उभं राहिलेलं तिने पाहिलं होतं ते हे भुंगेच, हेही खरं होतं. हे माणसांना सांगण्यासारखं नव्हतं.

बुधवारी सकाळपासून शिवारात पावडर उडाली. बाप्ये तोंडाला फडकी बांधून, गोणपाटाच्या पिशव्या काठीला लटकवून बडवत फिरत होते आणि वाऱ्यावर पांढरा धूर सरकत होता. गिरजाबाई आपल्या बांधावर बसून राहिली. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, ती उठली नाही. हैबतराव शब्दाचा पक्का. त्याने तिच्या बांधापासून चार हात सोडूनच पिशवी बडवली. मालू तिच्या समोरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघत गेली. मालूचा नवरा नाथा तिच्या मागेच चालत होता.

दुसऱ्या सकाळी शिवारात मेलेल्या अळ्यांचा सडा पडला होता. लोक खूश झाले. गिरजाबाईच्या बांधाच्या कडेलाही सात-आठ भुंगे उताणे पडलेले तिला सापडले, पाय अजून हलत होते. ती त्यांना पानावर घेऊन ओढ्यापर्यंत गेली, पाण्याचे थेंब टाकून पाहिले. उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले आणि परतीचा पाऊस असा कोसळला की सगळी पावडर धुऊन ओढ्याला गेली. चार दिवसांनी अळी परत दिसली. आता पावडर नव्हती आणि दुसऱ्या गोण्या येईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात मालूचं निम्मं खाचर बसलं. हैबतरावाच्या ओढ्याकाठच्या तुकड्यात नुसत्या काड्या उभ्या राहिल्या.

गिरजाबाईच्या शेतात कडेच्या दोन ओळी गेल्या. बाकीचं भात उभं होतं. रोज संध्याकाळी बांधातून भुंगे उतरत होते, पूर्वीपेक्षा कमी, पण उतरत होते. ती त्यांच्याबरोबर हाताने अळ्या वेचायची. कमरेत वाकून वाकून तिला रात्री कूस बदलता येईना. "तुमी वरचं बघा, मी खालचं बघते," ती म्हणायची. कामाची अशी वाटणी केली की तिला जरा बरं वाटायचं.

कार्तिक लागला. भात पिवळं झालं. कापणीच्या आधी वाडीत एक पद्धत होती. सावडीतल्या सगळ्या घरांचे विळे एका टोपलीत गोळा करायचे आणि रोह्याच्या लोहाराकडे दात काढायला पाठवायचे. टोपली घरोघर फिरायची, प्रत्येकीने आपला विळा त्यात टाकायचा. मुठीला बांधलेल्या चिंधीच्या रंगावरून विळा ओळखायचा. गिरजाबाईची चिंधी तांबडी. तिने विळा काढला, मूठ पुसली, चिंधी नवी बांधली आणि दाराशी ठेवला. मनात तिला वाटत होतं की हैबतभावजीचा राग आता निवला असेल. तो बोलला ते बोलला, पण पंचवीस वर्षांची सावड.

नाथा टोपली डोक्यावर घेऊन आला. मालूचा विळा घ्यायला स्वतःच्या दारात थांबला. गिरजाबाईच्या अंगणाशी आल्यावर त्याची चाल जरा मंदावली. मग तो मान न वळवता पुढच्या घरी गेला. टोपलीतले विळे एकमेकांवर वाजत होते, तो आवाज वळणापर्यंत तिला ऐकू आला.

ती दुसऱ्या दिवशी स्वतः रोह्याला गेली. लोहाराने विळा हातात घेऊन विचारलं, "वाडीचे विळे कालच गेले की. तुमचा मागं ऱ्हायला?"

"व्हय," ती म्हणाली. "ऱ्हायला."

धाटावची बस समोर उभी होती. कंडक्टर ओरडत होता. जनूच्या कंपनीत त्या महिन्यात मोठं दुरुस्तीचं काम निघालं होतं, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होत्या, तसा त्याने निरोप पाठवला होता. वीस दिवस तो आला नव्हता. बसमध्ये चढलं असतं तर अर्ध्या तासात तिची नातवंडं तिच्या मांडीवर असती. पण दुपारी पोचायचं, खाटेवर बसायचं, आणि मग तो म्हणणार, बरं झालं आलीस ती. तिने विळा पदराखाली घेतला आणि कोलाडच्या बाजूला वळली.

बारा विळ्यांनी अर्ध्या दिवसात होणारं शेत. तिला ते एकटीने कापायचं होतं. जया जातीचं भात फार पिकलं तर दाणे गळतात, म्हणून ती उजाडायच्या आत जायची, दव असताना कापायची, ऊन चढलं की पेंढ्या बांधायची. पहिल्या दिवशी एक कोपरा झाला. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची करंगळी कापली, चिंधी गुंडाळून तशीच कापत राहिली. कापणीत बायका वाकल्या की बोलतात, कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाच्या सुनेला दिवस गेले. ती वाकायची तेव्हा फक्त विळ्याचा खर्र खर्र आवाज. शेजारच्या खाचरात सावड होती. अकरा विळे, हसणं, नाथाच्या तोंडची टवाळी, सगळं वाऱ्यावर येत होतं. न्याहारीला सगळी तिच्या बांधापलीकडच्या आंब्याखाली बसली. न्याहारीला बसलेलं माणूस वाटेवरच्या परक्यालाही हाक मारतं, अशी इकडची रीत. गिरजाबाई पाठ करून पेंढ्या बांधत राहिली, हाक मारायची की नाही या पेचात त्यांना पडायला नको म्हणून. कोणी हाक मारली नाही.

पाचव्या दिवशी ती शेतावर आली तर तीन ओळी कापून पेंढ्या बांधून ठेवलेल्या. पेंढीची गाठ डाव्या हाताची होती. डावखुरी वाडीत एकच, मालू. पहाटे अंधारात येऊन गेली असणार. गिरजाबाई त्या पेंढीवर बसली आणि या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मग उठून चौथी ओळ धरली. संध्याकाळी मालू वाटेत भेटली तेव्हा दोघी काही बोलल्या नाहीत. नाथा बरोबर होता.

नवव्या दिवशी शेत संपलं. भारे डोक्यावरून घरी आणायला चार दिवस, झोडायला सहा. खाटल्यावर पेंढी आपटायची, दाणे उडायचे, तिच्या केसांत, कानांत, काचोळीत. उफणायला वारा मिळेना तेव्हा सूप घेऊन ती अंगणात उभी राहायची आणि वाऱ्याची वाट बघायची. कणगी भरली तेव्हा तिने तिला हाताने चाचपून पाहिलं. गळ्यापर्यंत होती. वाडीत त्या साली दुसऱ्या कोणाचीच कणगी गळ्याला लागली नव्हती.

हैबतराव एकदा अंगणावरून जाताना थांबला. कणगीकडे त्याची नजर गेली.

"आमच्या पावडरीवर तुझं भात वाचलं, वयनी," तो म्हणाला.

"असंल, भावजी," ती म्हणाली. भांडण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं आणि भांडायचं तरी कशासाठी, भात तर घरात आलं होतं. तो क्षणभर घुटमळला. बसा म्हणाली असती तर बसलाही असता कदाचित. ती बसा म्हणाली नाही. ही चूक तिची होती आणि ती तिला तो वळणावर गेल्यावर कळली.

जनू आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. सायकलच्या हँडलला फराळाची पिशवी लटकलेली. तो ओटीवर टेकला नाही, सरळ आत गेला, कणगीवरचं झाकण काढलं आणि हात कोपरापर्यंत भातात घातला. मूठभर वर काढलं, तोंडात दोन दाणे टाकून दाताखाली फोडले.

"आये!" तो ओरडला. "एकटीनं?"

"एकटी कशी? भुंगे व्हते." तिने त्याला सगळं सांगितलं. बारीकसारीक सांगितलं, हैबतरावाच्या मिशीचं तर दोनदा. जनू पोट धरून हसला. किती दिवसांनी घरात कोणी हसत होतं. तिने चहात दोन चमचे साखर जास्त घातली. टोपलीचं आणि न्याहारीचं तेवढं तिने सांगितलं नाही.

चहा पिऊन त्याने बशी खाली ठेवली. आता तो म्हणेल, चल. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. शब्द दिला व्हतास ना, चकार शब्द काढनार नाय म्हनून? असं म्हणून त्याला हसायचं होतं.

"आये, मी हरलो," जनू म्हणाला. "खरं सांगू, मला लय बरं वाटलं. रोज कामावर जीव टांगनीला असायचा, तिकडं तुझं कसं चाललंय म्हनून. आता काळजी नाय. तुला कुनाची गरज नाय."

"व्हय," गिरजाबाई म्हणाली.

"शांतीच्या भावाला पन चिकटवलंय आमच्याच कंपनीत. तो आमच्यातच ऱ्हातोय. खिडकीपाशीच झोपतो, त्या खाटंवर. म्हटलं तुझं काय आता येनं व्हनार नाय."

"बरं केलंस. पोराला वारा लागंल."

"आनि दर सुट्टीला यायला जमंल असं नाय. ओव्हरटाईम हाय आता. महिन्या-दोन महिन्यानं येईन."

"ये तसा," ती म्हणाली. तिने त्याला पायलीभर तांदूळ बांधून दिले, वर नातवंडांसाठी पोह्यांची पुरचुंडी. तो सायकलवर टांग टाकून निघाला तेव्हा ती आंब्यापर्यंत पोचवायला गेली. पूर्वी तो वळणावरून मागे बघून ओरडायचा, "विचार कर गो आये!" आज त्याने नुसता हात हलवला. मजेत शीळ घालत गेला.

शेताच्या ओलीवर तिने वाल पेरले. पौषात वालाला शेंगा धरल्या. एका दुपारी मालू आली, एकटीच, हातात झाकणाला भोकं पाडलेला डबा.

"गिरजे," ती हळूच म्हणाली, "आमच्या वालाला अळी लागलीय गो. चार भुंगे दे ना. वास मारला तरी चालंल."

दोघी हसल्या. सावड तुटल्यापासून पहिल्यांदाच हसल्या. मग त्या बांधावर गेल्या. गवत वाळून पिवळं पडलं होतं. गिरजाबाईने खुरप्याने हळू हळू माती बाजूला केली. वीतभर खाली बोटाएवढ्या पोकळीत एक भुंगा होता, पाय पोटाशी घेऊन पडलेला. मालू म्हणाली, "मेला." गिरजाबाईने त्याच्यावर फुंकर मारली. मिशी थोडी हलली.

"झोपलाय," ती म्हणाली. "भाताची अळी संपली नि हे खाली गेले. आता उठनार नाय."

"मंग कवा उठंल?"

"भाताला परत अळी आली की."

"आनि नाय आली तर?"

गिरजाबाईने माती परत ढकलली, हाताने थापटली. "नाय आली तर कशाला उठंल?"

मालूने डबा तसाच पदराखाली घेतला. नाथा यायची वेळ झाली होती. जाता जाता ती म्हणाली, "पुढल्या सालाला हैबतभावजींशी बोलते मी. टोपली थांबवायला लावते." ती हे मनापासून म्हणाली हे गिरजाबाईला ठाऊक होतं, आणि ती बोलणार नाही हेही ठाऊक होतं.

ती बांधावर एकटी बसून राहिली. समोर वालाच्या शेंगा लोंबत होत्या, घरात कणगी गळ्यापर्यंत भरलेली होती, शेत तिचं होतं, घर तिचं होतं. जे जे टिकवायला ती भांडली ते सगळं टिकलं होतं. जनू येऊन सात आठवडे झाले होते. रस्त्याकडून सायकलची घंटा ऐकू आली, तशी ती चटकन उभी राहिली. टपालवाला होता. तो खालच्या वाडीकडे वळला.

ती पुन्हा खाली बसली आणि तिच्या मनात आलं, पुढच्या सालाला अळी येऊ दे. यंदापेक्षा जास्त येऊ दे. शेतात एक लोंबी उरायला नको. जनू धावत येईल आणि ओटीवर टेकायच्या आत म्हणेल, "आये, चल आता."

भात पिकवणाऱ्या बाईच्या मनात हे यावं! तिने दचकून आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. शिवारात चिटपाखरू नव्हतं. तिने खुरपं उचललं, पदराने पुसलं, आणि ऊन कलायच्या आत घरी निघाली.